पाटीतला ‘ळ’

दुकानाची पाटी ही दुकानदाराची सही असते, असे आमचे आप्पा म्हणत. सही जुळली नाही तर बँक धनादेश परत करते, तसे पाटी ओळखीची वाटली नाही तर गिऱ्हाईक पायरीवरून परत जाते, हा त्यांचा हिशेब होता. पुढे मी बँकेत लागलो आणि नमुना सह्यांची कार्डे तपासण्यात माझी कित्येक वर्षे गेली, तेव्हा या उपमेचे मर्म मला अधिक उमगले. सहीतली अक्षरे शाळेत शिकवलेल्या वळणाची नसतात. ती त्या माणसाच्या हाताची असतात, आणि म्हणूनच ती खरी असतात.

सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या गादीवरची पाटी अशीच होती. गडद निळ्या जमिनीवर हळदी रंगाची अक्षरे आणि त्या अक्षरांना उजवीकडून तांबडी सावली. वर स्वस्तिक, त्यावर तीन बिंदू आणि सिद्धशिलेची चंद्रकोर. मध्ये घराण्याचे नाव आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत ‘हळदीचे अडते’. मिरजेहून आलेल्या एका रंगाऱ्याने आठ दिवस आमच्याच घरी जेवून ती रंगवली होती. त्या वेळी माझे थोरले बंधू नऊ-दहा वर्षांचे होते आणि मी पाळण्यात होतो.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. हळद आणि सांगली ही जोडी जुनी आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत. घट्ट मातीतले ते अंधारे कोठार वर्षानुवर्षे माल राखी. २००५ च्या महापुरात त्यांतली बहुतेक पेवे निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णामाई पुन्हा पेठेत आली. पाणी उतरल्यावर दादांनी गाळातून पाटी काढली. फळ्यांचे सांधे उकलले होते, रंगाचे पापुद्रे हाताला लागत होते. दादांनी ती जुन्या धोतरात गुंडाळून घराच्या माळ्यावर ठेवली आणि त्यानंतर तिचा विषय काढला नाही. गादीवर फ्लेक्सचा एक फलक आला. त्यावरचे नाव बरोबर होते, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल.

दादांनी मॅट्रिकनंतर गादी सांभाळली, म्हणून मला एम.कॉम.पर्यंत शिकता आले. या वाक्याच्या पुढे मी काही लिहिले तरी ते अपुरेच होईल.

आता दादांनी पंचाहत्तरीत प्रवेश केला आहे आणि व्यवहार त्यांचा मुलगा पाहतो. त्याने विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर कचेरी घेतली. तेथे गादी नाही, लोड नाहीत. संगणक आहेत, नमुन्यांच्या बरण्या आहेत आणि परदेशी खरेदीदारांशी पडद्यावर बोलण्यासाठी एक मोकळी भिंत आहे. भागीदारीतून दादांच्या निवृत्तीचा दस्त वकिलांनी तयार करून दिला होता. तो दहा महिने दादांच्या कपाटात सहीविना पडून होता. दादा नाही म्हणत नव्हते. “बघू पुढच्या महिन्यात,” एवढेच म्हणत. घरात कोणी आवाज चढवला नव्हता, पण जेवणाच्या पंगतीत बापलेक मीठ-लोणच्यापलीकडे बोलत नाहीत, हे सर्वांना दिसत होते. पुतण्या मला म्हणाला, “काका, तुम्ही बँकेतले. तुम्ही बाबांना समजावा.” मी समजावले नाही. ज्या माणसाने पन्नासहून अधिक वर्षे रोज सकाळी कुलूप उघडले, त्याला किल्ली ठेवून द्यायला युक्तिवादाने कसे राजी करणार?

अशा वातावरणात पुतण्याने सांगितले की, कचेरीच्या त्या मोकळ्या भिंतीवर तो घराण्याची पाटी लेगोच्या ठोकळ्यांनी करणार आहे. ठोकळे त्याच्या लहानपणापासून जमलेले होते, त्याच्या मुलीने त्यांत भर घातली होती, उरलेले विकत घ्यायचे होते. वहिनी हसल्या. दादांनी ताटावरून हात न उचलता विचारले, “आप्पांचं नाव खेळण्यानं लिहिणार?” आणि मग, “तेवढ्या पैशात पितळेची अक्षरं येतील.” दुसरा मुद्दा हिशेबाचा होता आणि खराही होता. (एकूण खर्चाचा आकडा मी येथे देत नाही, हे मासिक आमच्या घरीही येते.) पहिल्या प्रश्नाला मात्र कोणाजवळ उत्तर नव्हते.

मला या ठोकळ्यांविषयी कुतूहल वाटू लागले ते याच सुमारास, आणि निवृत्त माणसाजवळ कुतूहलासाठी वेळ असतो. ते बनविणारी कंपनी डेन्मार्कमधील बिलुंड या गावी १९३२ मध्ये सुरू झाली. संस्थापक ओले कर्क ख्रिश्चनसेन हे मुळात सुतार. लाकडी खेळणी करीत. ‘लेगो’ हे नाव डॅनिश भाषेतील ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून झाले. आज आपण पाहतो त्या ठोकळ्याचे, म्हणजे वर बटणे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या रचनेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मुलाने, गॉटफ्रेड यांनी, दाखल केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये वडील वारले. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचे कोठार आगीत जळाले. गॉटफ्रेड यांनी लाकूडकाम कायमचे बंद केले, आणि त्यांचे दोन भाऊ धंद्यातून बाहेर पडले. खेळण्यांच्या इतिहासात मला हे सारे वाचायला मिळेल असे वाटले नव्हते. बाप, मुलगे, भाऊ, आग, वाटणी! बँकेत कर्जाच्या प्रस्तावांबरोबर येणाऱ्या कौटुंबिक कथा याहून फारशा वेगळ्या नसत.

१९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, ही त्या कंपनीची प्रतिष्ठा. दोन बटणांच्या मध्यांमधले अंतर ८ मिलिमीटर, उभ्या ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. पेटंटची मुदत केव्हाच संपली. नुसत्या आकारावर बोधचिन्हाचा हक्क सांगण्याचा कंपनीचा प्रयत्न २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने फेटाळला. त्यामुळे त्याच मापाचे ठोकळे आता इतरही करतात. आणखी एक आकडा माझ्या मनात घर करून राहिला. दोन रांगांत चार-चार बटणे असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतील, याचे कंपनीने १९७४ मध्ये काढलेले उत्तर १०,२९,८१,५०० होते. त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते. पुढे सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञांनी सर्व रचना मोजल्या आणि संख्या आली ९१,५१,०३,७६५. जुना ताळेबंद तपासून त्यात एक्क्याऐंशी कोटींची भर निघावी, याचे सुख लेखापरीक्षकालाच कळेल.

तर हिशेबाचे काम माझ्याकडे आले. ४८ बाय ४८ बटणांच्या चौरस बेसप्लेट घ्यायच्या, आडव्या पाच आणि उभ्या दोन. म्हणजे पाटीची रुंदी १९२ सेंटिमीटर, उंची ७६.८. आडवी बटणे २४०, उभ्या ओळी ९६, एकूण घरे २३,०४०. प्रत्येक घरावर काहीतरी रंग बसलाच पाहिजे, एकही रिकामे नको आणि एकावर दोनदा नोंद नको. मी एक जाड वही घातली. ओळ क्रमांक, निळा, पिवळा, तांबडा, बेरीज. ज्या ओळीची बेरीज २४० नाही ती ओळ पुन्हा तपासायची. संगणक हे क्षणात करतो, असे पुतण्याने मला दोनदा सांगितले. मी त्याला म्हटले, करू दे. आमच्या काळी रोखपाल आणि अधिकारी दोघेही नोटा मोजत.

पहिला आराखडा त्याने संगणकावरच केला होता. छापील वळणाची अक्षरे, चौकटीत नेमकी बसवलेली. कागद पाहून दादा म्हणाले, “नाव आपलं आहे. अक्षरं आपली नव्हेत.” आणि उठून देवदर्शनाला गेले.

पुतण्याला राग आला. मला मात्र त्या वाक्यात नमुना सहीचे कार्ड दिसले. त्या रविवारी आम्ही माळ्यावरून ते धोतराचे गाठोडे उतरवले. सव्वाचार वर्षांनी पाटीला ऊन लागले. फळ्या जमिनीवर जुळवून, वर पारदर्शक कागद पसरून आम्ही एकेक अक्षर गिरवले. जेथे रंग उडाला होता तेथे जुन्या कुंचल्याने लाकडावर सोडलेली किंचित उंच कड बोटाला लागत असे. दादांची नात, वय अकरा, तिचे बोट याबाबतीत आमच्या दोघांहून तरबेज निघाले. मग तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून घर भरायचे की सोडायचे, याचा एकेक निवाडा.

देवनागरी आणि चौकोनी घरे यांचे फार सख्य नाही. शिरोरेषा आनंदाने बसते, उभा दंड बसतो. पण आपल्या लिपीचे सौंदर्य तर गाठी, वाट्या आणि शेपट्यांत आहे. मोठ्या ओळीत रेषेची जाडी चार घरे ठेवता आली, म्हणून वळणे निभावली. खालच्या ओळीत तीन घरांवर भागवावे लागले. ‘ह’ची आतली गुंडी एकदा फुटकी दिसे, एकदा सुजलेली. ‘चे’ आणि ‘ते’ यांच्या मात्रा पायऱ्यापायऱ्यांनी चढवाव्या लागल्या. गोलाई देणारे तिरपे तुकडेही बाजारात मिळतात. ते वापरायचे नाहीत असे आम्ही ठरवले, कारण एकदा तिरपा तुकडा घेतला की शेजारचा चौकोन ओबडधोबड दिसू लागतो. सर्वांत सोपे गेले स्वस्तिक. त्याच्या काटकोनी भुजा जणू या जाळीसाठीच घडल्या होत्या. दर्शन, ज्ञान, चारित्र्याचे तीन बिंदू नातीने चार-चार घरांचे केले. सिद्धशिलेच्या चंद्रकोरीवर मात्र तिने दोन रविवार घालवले. सिद्धशिला गाठणे सोपे नाही, अशी थट्टा मी केली, ती तिला कळली नाही.

हे काम चालू असता मला वारंवार आठवत होती आमची आई. अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान असले की मंडळ भरण्याचे काम गावातल्या चार-पाच बायकांकडे असे आणि त्यांत आई असायचीच. रंगवलेले तांदूळ वाट्यांतून घेऊन, आखलेल्या रेषेबाहेर एक दाणा जाऊ न देता, वर्तुळामागून वर्तुळ. पहिल्या दिवशी ८ अर्घ्ये, दुसऱ्या दिवशी १६, मग ३२, असे दुप्पट होत आठव्या दिवशी १०२४. आठ दिवसांची बेरीज २०४०. माझ्या आयुष्यातली ही पहिली भूमितीश्रेणी; ती मला शाळेत जाण्यापूर्वी आईने अर्घ्ये मोजता मोजता शिकवली. विधान संपले की मंडळ विसर्जित होई. लहानपणी मी त्याबद्दल रडत असे, असे दादा सांगतात.

तर पाटीचे सगळे अक्षर सापडले, एक सोडून. ‘हळदीचे’मधला ‘ळ’ जेथे होता ती फळी निम्मी कुजून गेली होती. लाकडावर कडही उरली नव्हती. जुनी छायाचित्रे धुंडाळली. दोनच मिळाली. एकात नेमक्या त्या जागी दसऱ्याचे तोरण आले आहे आणि दुसऱ्यात आप्पांच्या पागोट्याने ‘ळ’ झाकला आहे. जुन्या बिलबुकांवरचा मजकूर छापखान्याच्या वळणाचा, तो उपयोगाचा नव्हता. पुतण्या म्हणाला, “काका, एका अक्षराचा तर प्रश्न आहे. छापील घालू.” हा मोह रास्त होता. भेट देणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना काही कळले नसते.

नात उठली आणि खाली जाऊन तिच्या आजोबांना विचारून आली, असे नाही. त्यांनाच हाताला धरून जिन्याने वर घेऊन आली. मला वाटते तिने त्यांना फक्त “आबा, ‘ळ’ सापडत नाही” एवढेच सांगितले असावे. दादा उंबऱ्यात थांबले. खोलीभर आलेख पसरले होते, जमिनीवर फळ्या होत्या, रंगांप्रमाणे ठोकळ्यांची ताटे मांडलेली होती. त्यांनी आधी पाटीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग खाली मांडी घालून बसले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते एरवी जमिनीवर बसत नाहीत.

“रंगाचा डबा मी धरला होता,” ते म्हणाले. “डावी वाटी आधी काढली त्यानं. लहान. मग उजवी मोठी झाली. आप्पा म्हणाले, मास्तर, हा ‘ळ’ एका अंगाला कललाय. तर तो म्हणाला, शेठजी, हळदीचा गड्डा असाच असतो, एका बाजूला अंगठा, एका बाजूला बोटं.” मग दादांनी नातीच्या हातून पेन्सिल घेतली आणि आलेखावर ‘ळ’ काढला. एकदा काढून खोडला, पुन्हा काढला. हात थरथरत होता. अक्षर थरथरले नाही. डावी वाटी लहान, उजवी मोठी, आणि मधली गाठ शिरोरेषेला टेकण्याआधी किंचित उजवीकडे झुकलेली. मग त्यांनी पुतण्याला विचारले, “हे बसतं का तुझ्या चौकटीत?” पुतण्या म्हणाला, “बसवतो, बाबा.” त्या दोघांत त्या वर्षी झालेले हे माझ्या मते पहिले खरे संभाषण.

त्या एका अक्षरासाठी घरे हलवावी लागली, पुढचे ‘दीचे’ दोन घरे उजवीकडे सरले आणि माझ्या वहीतल्या एकवीस ओळी पुन्हा लिहिल्या गेल्या. अखेरचा ताळा असा: पिवळी घरे ५,३१२, तांबडी २६८, निळी १७,४६०. बेरीज २३,०४०.

मग भिंतीचे काम. सुतार मिस्त्री आले, त्यांनी अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय कापला. पातळ पट्टी बोटात धरून ते म्हणाले, “ही बरोब्बर एक सुताची आहे.” मी घरी येऊन गणित केले. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर, पट्टी ३.२. मिस्त्रींच्या अंगठ्याने मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा तेवढा सोडला होता. या ठोकळ्यांचा मूळ पुरुष सुतार होता, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. बेसप्लेट प्लायवर चिकटवताना एक काळजी घ्यावी लागते. दोन प्लेटच्या सांध्यावर आधी ठोकळे आडवे बसवून मगच त्या चिकटवायच्या, नाहीतर केसाएवढी फट राहते आणि सांध्यावरचा एकही तुकडा पुढे बसत नाही. अक्षरे जमिनीपेक्षा दोन पट्ट्या उंच ठेवली. रंगाऱ्याने काढलेली तांबडी सावली आम्ही आखली नव्हती. वरचा दिवा लावला आणि सावली आपोआप पडली, तीही उजवीकडे. पश्चिमेचे ऊन त्या भिंतीवर येत नाही, हे आधीच पाहिले होते, कारण हे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते.

बेसप्लेटखेरीज काहीही चिकटवले नाही. बटणांच्या पकडीवरच सारी पाटी उभी आहे. दादांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. “म्हणजे उद्या काढायची म्हटली तर सगळे तुकडे अख्खे निघतील?” “हो, बाबा.” “मग बरं आहे,” दादा म्हणाले. चातुर्मासात अनित्य भावनेवर प्रवचन ऐकून आलेला माणूस असे का म्हणाला, ते मी विचारले नाही.

अक्षय तृतीयेला कचेरीचे उद्घाटन झाले. ऋषभदेवांच्या पारण्याचा दिवस म्हणून वहिनींनी आलेल्या सर्वांना उसाचा रस दिला. पाहुण्यांनी पाटीसमोर उभे राहून छायाचित्रे काढली आणि पुष्कळांनी ठोकळे किती, असे विचारले. घरे २३,०४०, असे मी सांगत होतो. ठोकळे मोजलेले नाहीत, कारण निळ्या जमिनीत आठ-आठ घरांच्या पट्ट्याही आहेत. एका जुन्या शेतकऱ्याने मात्र, ज्याची हळद आमच्याकडे दोन पिढ्या येते, फक्त ‘हळदीचे’ या शब्दाकडे पाहून म्हटले, “ही पेठेतलीच पाटी की.”

दस्ताचे काय झाले, असे वाचक विचारतील. दिवाळीच्या आधी दादांनी त्यावर सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवायला लावली होती, ती वकिलांनी कायदेशीर भाषेत बसत नाही म्हणून काढली. पण ती पाळली जाते. दर शनिवारी सकाळी दादा रिक्षाने विश्रामबागेत जातात. नमुन्यांच्या बरण्या दिवसभर उघडझाप होत असल्याने पाटीच्या बटणांमध्ये हळदीची भुकटी बसते, निळ्यावर ती फार दिसते. कचेरीतल्या मुलाला ते हात लावू देत नाहीत. रंगकामाचा मऊ, एक इंची कुंचला त्यांनी स्वतः आणला आहे, आणि डावीकडून सुरुवात करून ‘ळ’पाशी पोचायला त्यांना साधारण वीस मिनिटे लागतात.